संपादन, हस्तलिखिताचे

संपादन, हस्तलिखिताचे : लिहून पूर्ण झालेल्या ग्रंथाची प्रत मुद्रणास देण्यापूर्वी तिच्या आशयाची, रचनेची, भाषेची व लेखनाची जी तपासणी व सुधारणा केली जाते, तीस हस्तलिखिताचे संपादन म्हणतात. ‘हस्तलिखित’ या संज्ञेत हाताने लिहिलेली, टंकलिखित व संगणकावर तयार केलेली अशा सर्व प्रकारच्या प्रतींचा समावेश होतो. संपादन ही एकच क्रिया नसून परस्परांहून भिन्न अशा अनेक क्रियांचे ते सामान्य नाव आहे. एका हस्तलिखितास जे संपादन उपकारक ठरते, तेच दुसऱ्यास अपायकारक ठरू शकते. म्हणून संपादनास प्रारंभ करण्यापूर्वी त्याचा प्रकार निश्चित करणे, हा संपादनातील पहिला व सर्वांत जोखमीचा निर्णय होय.

प्रकार : ढोबळमानाने संपादनाचे पाच प्रकार मानता येतात. (१) आशयसंपादन : ग्रंथाचा विषय, त्याची व्याप्ती, प्रतिपादनातील उणिवा आणि अपेक्षित वाचक यांचा विचार यात होतो. कोणते प्रकरण कमी पडते, कोणते अनावश्यक आहे, कोणते विधान पुराव्यावाचून केले आहे, हे संपादक दाखवून देतो. लेखन मात्र लेखकानेच पुन्हा करावयाचे असते. (२) रचनासंपादन : आशय पुरेसा असून त्याची मांडणी विस्कळित असेल, तर प्रकरणांचा क्रम, परिच्छेदांची जुळणी, पुनरुक्तीचे निवारण व शीर्षकांची योजना या बाबी हाताळाव्या लागतात. (३) भाषासंपादन : वाक्यरचना, शब्दयोजना, अर्थाची स्पष्टता व शैलीची एकसूत्रता यांकडे यात लक्ष दिले जाते. (४) मुद्रणप्रतीचे संस्करण : शुद्धलेखन, विरामचिन्हे, संक्षेप, अंक, स्थलनामे व व्यक्तिनामे, तळटीपा, चित्रे व कोष्टके यांत एकवाक्यता आणून प्रत जुळाऱ्याच्या हाती देण्याजोगी करणे, हे या प्रकारचे काम होय. (५) मुद्रितशोधन : जुळणी झाल्यावर मुद्रिते मूळ प्रतीशी ताडून जुळणीतील चुका दुरुस्त करणे, एवढीच याची मर्यादा आहे. काटेकोर अर्थाने मुद्रितशोधन हे संपादन नव्हे. ती संपादनानंतरची पायरी आहे.

यांखेरीज ज्याचा लेखक हयात नाही व ज्याच्या अनेक नकला परंपरेने चालत आल्या आहेत, अशा जुन्या ग्रंथाच्या बाबतीत पाठचिकित्सा हा सर्वस्वी वेगळा प्रकार अवलंबावा लागतो. इतर प्रकारांत ग्रंथ अधिक चांगला करणे हा हेतू असतो. पाठचिकित्सेत ग्रंथ जसा होता तसा शोधून काढणे हा हेतू असतो. हा भेद नजरेआड झाल्यास संपादकाचे उत्तम भाषाज्ञानही ग्रंथास मारक ठरते.

मराठीतील पूर्वपरंपरा : मराठीत संपादनाची जाणीव मुद्रणकलेच्या फार पूर्वीची आहे. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर यांच्या आठवणी म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लीळाचरित्रात संकलित केल्या. त्यासाठी त्याने प्रत्यक्ष लीळा पाहिलेल्या व ऐकलेल्या व्यक्तींकडून माहिती मिळविली आणि नागदेवाचार्यांकडून ती पडताळून घेतली. एकाच प्रसंगाच्या आठवणी परस्परांशी जुळत नसतील, तेव्हा त्यांतील एक निवडून बाकीच्या टाकून देण्याऐवजी भिन्न स्मरणांची नोंद ‘वासना’, ‘शोध’ अशा निर्देशांनी ग्रंथातच राहिलेली दिसते. मूळ प्रत परचक्रात नष्ट झाल्यावर अनुयायांनी स्मरणाच्या आधारे ग्रंथ पुन्हा सिद्ध केला व त्यामुळे त्याचे निरनिराळे पाठ रूढ झाले. पुढे एकनाथांनी ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ दूर करून शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) तिची शुद्ध प्रत तयार केली आणि तीत कोणी स्वतःच्या ओव्या घालू नयेत, अशी ताकीद दिली. लेखकाच्या शब्दांवर नंतरच्या माणसाचा अधिकार किती, हा संपादनातील मूलभूत प्रश्न या दोन्ही उदाहरणांत स्पष्टपणे दिसतो.

आधुनिक काळात वि. का. राजवाडे यांनी बीड जिल्ह्यातील पाटांगण येथे मिळालेल्या व त्यांच्या मते एकनाथपूर्व असलेल्या एका प्रतीवरून १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. ती मूळ प्रत आज उपलब्ध नाही. अभ्यासकांना छापील आवृत्तीवरच विसंबावे लागते. हस्तलिखित नष्ट झाल्यावर संपादकाने केलेली निवड हीच ग्रंथाची एकमेव साक्ष उरते, याचे हे बोलके उदाहरण होय. अनेक प्रती ताडून पाठ ठरविण्याच्या शास्त्रशुद्ध पद्धतीचा सर्वांत मोठा भारतीय प्रयोग म्हणजे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सित आवृत्ती (१९१९–६६). वि. सी. सुखटणकर यांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत (१९३३) या पद्धतीची तत्त्वे मांडली.

यवतमाळचा वाटा : जुन्या हस्तलिखितांच्या शोधात व संपादनात यवतमाळला विशेष स्थान आहे. येथील संशोधक य. खु. देशपांडे यांचा महानुभावीय मराठी वाङ्मय हा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. यवतमाळच्या शारदाश्रम या संस्थेने विदर्भातील जुन्या पोथ्या व कागदपत्रे जमविण्याचे आणि प्रसिद्ध करण्याचे कार्य केले. महदंबेचे धवळे देशपांडे यांनी आद्य मराठी कवयित्री (१९३५) या नावाने संपादित केले. हे धवळे म्हणजे ऋद्धिपूर येथे गोविंदप्रभूंच्या लीळेच्या निमित्ताने स्फुरलेली व गायिलेली विवाहगीते होत. ज्या वाङ्मयाचा जन्मच मुखाने झाला, त्यास आजच्या व्याकरणाचे माप लावणे अप्रस्तुत ठरते. महानुभावांच्या अनेक पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या असल्याने अशा ग्रंथांबाबत संपादनाची पहिली पायरी लिप्यंतराचीच असते. एका अक्षराच्या चुकीच्या वाचनाने शब्द बदलतो आणि शब्द बदलला की पंथाचा सिद्धांतही बदलू शकतो. लीळाचरित्राच्या ह. ना. नेने यांनी १९३६ पासून भागशः काढलेल्या आवृत्तीनंतर वि. भि. कोलते यांची आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. एकाच ग्रंथाच्या आवृत्त्या पुनःपुन्हा का काढाव्या लागतात, याचे उत्तर नव्याने उपलब्ध होणाऱ्या प्रतींत व पाठनिवडीच्या भिन्न तत्त्वांत आहे.

निवडीची तत्त्वे : हयात लेखकाच्या नव्या हस्तलिखितास कोणते संपादन हवे, हे ठरविताना प्रथम दोष कोणत्या पातळीवर आहे, हे पाहावे लागते. विचारातील दोष वाक्ये सुधारून जात नाही व वाक्यातील दोष शुद्धलेखन सुधारून जात नाही. दोषनिदानासाठी काही साध्या कसोट्या उपयोगी पडतात. लेखकाने प्रत काही आठवडे बाजूला ठेवून मग प्रत्येक प्रकरणाचा मथितार्थ एका वाक्यात लिहून काढावा. असे वाक्य लिहिता येत नसेल, तर त्या प्रकरणास आशयसंपादनाची गरज आहे. वाक्ये लिहिता येतात, पण ती ओळीने वाचली असता एकातून दुसरे निघत नाही, असे आढळल्यास रचनासंपादन हवे. क्रम नीट असून विषयाशी अपरिचित वाचक जागोजागी अडखळत असेल व तेच वाक्य पुन्हा वाचत असेल, तर भाषासंपादन पुरेसे होते. वाचन सुरळीत होते, परंतु एकच नाव तीन प्रकारे लिहिलेले आढळते, अशा वेळी केवळ मुद्रणप्रतीचे संस्करण करावे.

लेखक बहुधा सर्वांत लहान दुरुस्तीची मागणी करतो. ‘शुद्धलेखन तेवढे पाहून द्या’ असे म्हणताना ग्रंथाची रचना निर्दोष आहे, असे त्याने गृहीत धरलेले असते. उलट, काही संपादक गरज नसताना प्रत्येक वाक्य आपल्या शैलीत पुन्हा लिहितात. पहिल्या चुकीने सदोष ग्रंथ शुद्ध अक्षरांत छापला जातो. दुसरीने लेखकाचा आवाज नाहीसा होतो. यावर उपाय म्हणजे नमुना-संपादन. हस्तलिखिताच्या आरंभातील, मध्यातील व शेवटातील मिळून दहाबारा पाने संपादकाने सुधारून दाखवावीत आणि ती पाहून दोघांनी कामाची खोली ठरवावी. केवळ आरंभीची पाने पाहिल्यास फसगत होते, कारण लेखकाने बहुधा तीच पाने वारंवार घासूनपुसून लिहिलेली असतात.

क्रम : संपादनाच्या पायऱ्या मोठ्याकडून लहानाकडे जातात. आशय व रचना स्थिर होण्यापूर्वी शुद्धलेखन तपासणे हा श्रमांचा अपव्यय होय; तपासलेले परिच्छेद पुढे गाळले जातात आणि नवे परिच्छेद तपासणीवाचून राहतात. खिळ्यांच्या जुळणीच्या काळात ही शिस्त खर्चामुळे आपोआप पाळली जाई. पृष्ठे बांधल्यावर एक ओळ वाढविली, तर पुढील पानांच्या ओळी सरकत आणि जुळाऱ्यास पुन्हा मजुरी द्यावी लागे. संगणकीय जुळणीत बदल सोपा झाल्याने लेखक अखेरच्या मुद्रितातही परिच्छेद बदलू लागले आहेत. त्यामुळे सूची व पृष्ठनिर्देश चुकतात आणि नव्या चुका कोणाच्याही नजरेखालून न जाता छापल्या जातात. जुन्या पद्धतीच्या टंकांत लिहिलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार, अनुस्वार व जोडाक्षरे बिघडतात. अशा मजकुराचे रूपांतर झाल्यावर तो मूळ प्रतीशी शब्दशः ताडणे आवश्यक असते.

बोलीचा प्रश्न : प्रमाणभाषेबाहेरील लेखनात संपादनप्रकाराची निवड विशेष काळजीने करावी लागते. यवतमाळ जिल्ह्यात वऱ्हाडी बोलीबरोबर बंजारा, गोंडी व कोलामी याही भाषा बोलल्या जातात. यांपैकी गोंडी व कोलामी या द्राविड कुळातील आहेत. येथील शेतकऱ्याच्या किंवा शिक्षकाच्या आत्मकथनात ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ ही रूपे आणि ‘पऱ्हाटी’, ‘डवरा’, ‘सालदार’, ‘उलंगवाडी’ हे शब्द स्वाभाविकपणे येतात. मुद्रणप्रतीचे संस्करण करणाराने नियमावर बोट ठेवून त्यांच्या जागी ‘मला’, ‘तुला’, ‘का’ अशी रूपे घातल्यास पुस्तक शुद्ध होते, पण त्यातील माणूस हरवतो. ‘उलंगवाडी’ऐवजी ‘कापूस वेचणीचा हंगाम संपणे’ असे लिहिल्यास अर्थ कळतो. तथापि त्या शब्दाभोवती असलेली मजुरीच्या हिशेबाची, उधारी फेडण्याची व रिकाम्या शेताची सारी जाणीव नाहीशी होते. अशा ग्रंथास शब्द बदलणाऱ्या संपादनापेक्षा शेवटी जोडलेली शब्दसूची अधिक उपयोगी असते.

बोलीचा वापर कोठे व कसा करावा, याची मराठीत भिन्न उदाहरणे आहेत. उद्धव शेळके यांच्या धग (१९६०) या कादंबरीत निवेदन प्रमाणभाषेत व संवाद वऱ्हाडीत आहेत. पुरुषोत्तम बोरकर यांच्या मेड इन इंडियामध्ये (१९८७) निवेदकच वऱ्हाडीत बोलतो. पहिल्या प्रकारच्या हस्तलिखितात निवेदनास प्रमाणलेखनाचे नियम लावता येतात. दुसऱ्या प्रकारच्या हस्तलिखितात तसे केल्यास कलाकृतीच मोडते. बहिणाबाई चौधरी यांच्या मुखातून आलेली गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव व इतर आप्त यांनी उतरवून घेतली होती, ती प्र. के. अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांची खानदेशी बोली कायम ठेवण्यात आली. ती प्रमाणभाषेत आणली असती, तर त्यांची लय व प्रासही टिकले नसते.

लेखननियमांतही या भेदाची दखल घेतलेली आहे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये चौदा व १९७२ मध्ये आणखी चार असे एकूण अठरा नियम मान्य केले. त्यांनुसार केशवसुतपूर्व पद्याचे व विष्णुशास्त्री चिपळूणकरपूर्व गद्याचे उतारे मुळाबरहुकूम छापावयाचे असून नंतरचे लेखन प्रचलित नियमांप्रमाणे छापावयाचे असते. म्हणजे जुन्या पोथीतील उताऱ्याचे लेखन ‘सुधारणे’ हे नियमपालन नसून नियमभंगच होय. बोलीतील लेखनात एकरूपता मात्र अवश्य पाहावी. एकाच पात्राच्या तोंडी एका पानावर ‘मले’ व दुसऱ्यावर ‘मला’ हेतूवाचून आल्यास तो लेखनदोषच मानावा लागतो.

दिवंगत लेखकाचे हस्तलिखित : लेखकाच्या मृत्यूनंतर घरात सापडलेल्या वह्यांबाबत शंका विचारण्यास लेखक उरलेला नसतो. अशा वेळी आशय व शैली यांत हात घालण्याचा मोह आवरून उघड लेखनदोषांपुरतेच संस्करण करावे, वाचता न आलेल्या जागा तशाच दाखवाव्यात व संपादकाची भर कंसात किंवा टिपेत ठेवावी. लक्ष्मीबाई टिळक यांचे स्मृतिचित्रे (१९३४ पासून) त्यांच्या निधनामुळे (१९३६) अपुरे राहिले. त्याचा अखेरचा भाग त्यांचे पुत्र देवदत्त टिळक यांनी लिहून पूर्ण केला. मूळ लेखणी कोठे थांबते व दुसरी कोठे सुरू होते, हे वाचकास कळणे हा अशा संपादनातील प्रामाणिकपणाचा निकष होय. मूळ वह्या मुद्रणानंतरही जपून ठेवाव्यात, शक्यतो त्यांची छायाचित्रे घेऊन एखाद्या ग्रंथालयात ठेवावीत.

संपादक व लेखक : संपादकाने सुचवावे व लेखकाने ठरवावे, हा सर्वमान्य संकेत आहे. मौज प्रकाशनगृहाचे श्री. पु. भागवत व राम पटवर्धन यांनी लेखकाशी सविस्तर पत्रव्यवहार व चर्चा करून त्याच्याकडूनच पुनर्लेखन करवून घेण्याची पद्धत रुजविली. सत्यकथा मासिकाच्या (बंद १९८२) द्वारे अनेक नव्या लेखकांना तिचा लाभ झाला. विश्वकोशासारख्या सामूहिक कार्यात मात्र संपादनाचे स्वरूप बदलते. तेथे शेकडो लेखकांच्या नोंदींत परिभाषा, विस्तार व मांडणी यांची एकवाक्यता राखावयाची असल्याने व्यक्तिगत शैलीस मर्यादा घालाव्या लागतात. मराठी विश्वकोशाच्या लेखनासाठी लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली प्रथम परिभाषा निश्चित करण्यात आली, ती याच कारणाने.

भारतीय प्रतामुद्राधिकार अधिनियम, १९५७ याच्या कलम ५७ नुसार लेखकास आपले कर्तृत्व सांगण्याचा, तसेच आपल्या प्रतिष्ठेस बाध येईल अशा विकृतीस वा मोडतोडीस हरकत घेण्याचा विशेष अधिकार आहे. प्रतामुद्राधिकार दुसऱ्यास दिल्यानंतरही हा अधिकार लेखकाकडे राहतो. म्हणून कामास आरंभ करण्यापूर्वी संपादनाचा प्रकार, वाचनांची संख्या, मुदत, मोबदला आणि मतभेद झाल्यास अंतिम निर्णय कोणाचा, या बाबी लेखी ठरवाव्यात. मूळ प्रत अबाधित ठेवून दुरुस्त्या दुसऱ्या प्रतीवर, प्रत्येक बदल ओळखू येईल अशा रीतीने कराव्यात. संदिग्ध जागांसाठी शंकापत्रक व निश्चित केलेल्या रूपांसाठी शैलीपत्रक ठेवावे. ‘यवतमाळ’ व ‘येवतमाळ’, ‘दारव्हा’ व ‘दारव्हे’, ‘ऋद्धिपूर’ व ‘रिद्धपूर’ अशा जोड्यांतील कोणते रूप निवेदनात योजावयाचे, हे शैलीपत्रकात नोंदवावे. जुन्या कागदपत्रांच्या उताऱ्यांतील रूपे मात्र बदलू नयेत.

स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या लेखकास सर्व पायऱ्यांचा खर्च परवडतोच असे नाही. अशा वेळी आशय व रचना यांची तपासणी विषयाच्या जाणकाराकडून आणि विषयाशी अपरिचित अशा एका चोखंदळ वाचकाकडून करवून घ्यावी व उपलब्ध रक्कम भाषासंपादन आणि मुद्रितशोधन यांसाठी राखून ठेवावी. मुद्रितशोधन लेखकाने एकट्याने करणे इष्ट नव्हे. स्वतःचा मजकूर पाठ असल्यामुळे त्याची नजर छापलेल्या अक्षरांऐवजी मनातील अक्षरे वाचते. स्नेह्यांच्या स्तुतीस तपासणी समजणे व केवळ अलंकारिक प्रस्तावना मिळविण्यात शक्ती खर्च करणे, या दोन्ही गोष्टींनी ग्रंथाचे हित साधत नाही.

सारांश, संपादनाचा प्रकार हा लेखकाच्या प्रतिष्ठेवरून किंवा संपादकाच्या आवडीवरून नव्हे, तर हस्तलिखिताच्या गरजेवरून ठरवावयाचा असतो. नव्या ग्रंथात दोषाची पातळी, जुन्या ग्रंथात पाठाचे प्रामाण्य व बोलीतील ग्रंथात बोलणाऱ्याचा आवाज, या तीन गोष्टी निवडीच्या मुळाशी असाव्या लागतात. संपादन संपल्यावर ग्रंथ अधिक स्पष्ट व्हावा आणि तरीही तो लेखकाचाच राहावा, हे योग्य निवडीचे लक्षण होय.

[⟶ ग्रंथप्रकाशन, पाठचिकित्सा, महानुभाव पंथ, मुद्रितशोधन].